न किंचाळणारा ब्रेक

ब्रेकबद्दल मत नसलेला पुरुष आमच्या गावात अजून जन्माला यायचा आहे.

मी सायकल ढकलत चौकात आले की किर्झेच्या बारबाहेर बसलेल्या सगळ्यांचे व्हर्मुटचे ग्लास आपोआप टेबलावर टेकतात, कारण बोलताना हात मोकळे लागतात. किर्झे स्वतः ओला फडका खांद्यावर टाकून दारात येतो. त्याचं गिऱ्हाईक आत बिलासाठी खोळंबलेलं असलं तरी हरकत नसते.

"काय केराल्त, घसरतोय अजून?"

"घसरतोय."

"लिव्हर आत घे, पोरी. हँडलच्या जवळ."

"बाहेर घे," दुसरा म्हणतो. "बोटाला जोर बाहेर मिळतो."

"चकती मोठी बसव. माझ्या भाच्याने बसवली."

तुझा भाचा गेल्या वर्षी मनगट मोडून घरी बसलाय, हे मी बोलत नाही. भाच्यांवर मी जात नाही. पण क्लिमेंत गप्प राहील असं कधी होतं का? क्लिमेंत क्लबचा खजिनदार आहे. ट्रायलच्या सायकलवर तो शेवटचा कधी उभा राहिला होता हे त्याच्या बायकोलाही सांगता येणार नाही.

"ब्रेकला काही झालेलं नाही," तो ऑलिव्हची बी थुंकत म्हणाला. "बाळंतपण झालं की बाईचं वजन मागे सरकतं. सायकल तीच, ब्रेक तोच, मागचं ओझं वाढलं. साधी गोष्ट आहे."

"तुमचं पुढे सरकलंय, क्लिमेंत. ते तुमच्या कितव्या बाळंतपणानंतर?"

सगळे हसले. क्लिमेंतही हसला, पोटावर हात ठेवून. या माणसांचं एक बरं आहे, अपमान केला तरी त्यांना तो पाहुणचार वाटतो.

ब्रुना माझ्या पाठीवरच्या झोळीत झोपली होती. तिचा गरम श्वास मानेवर येत होता, आणि तिच्या लाळेने माझी कॉलर ओली झाली होती. ती उठू नये म्हणून मी हळूच वळले आणि घरी आले. पुढचं सगळं खालच्या कारखान्यात, म्हणजे जिथे पूर्वी गाढव बांधायचे आणि आता आम्ही सायकली बांधतो, तिथे करायचं होतं.

आमच्या सायकलींना सीट नसते. बसायचंच नसतं. खडकावर उडी मारायची, मागच्या चाकावर उभं राहायचं, पुढचं चाक हवेत, आणि तिथे क्षणभर थांबून पुढची उडी बघायची. त्या क्षणात मागचं चाक म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा झाला पाहिजे. बोटभर जरी ते मागे गेलं तरी तुम्ही पाठीवर पडलात. बाकीच्या जगात ब्रेक सायकल हळू करायला असतो. आमच्याकडे तो चाक आहे हेच विसरायला लावायला असतो. आणि असा ब्रेक किंचाळतो. दाबताक्षणी, चाक अडेपर्यंत, असा की गावात नव्याने आलेल्यांना वाटतं कुठेतरी डुक्कर कापतायत. दुकानातून नवी सायकल आणून ती किंचाळत नाही म्हणून खूश होणारे लोक मी पाहिलेत. देव त्यांचं भलं करो. आम्ही मात्र ब्रेक गप्प झाला की घाबरतो.

माझा ब्रेक गप्प झाला होता.

आणि याच वेळी गप्प व्हायला नको होता. गावच्या उत्सवातल्या रविवारी ट्रायल होती, आणि कॅटलोनियाच्या अजिंक्यपदासाठी आमच्या क्लबच्या संघात बाईची एकच जागा होती. चार वर्षं ती माझी होती. मग ब्रुना आली. चर्चच्या हॉलमध्ये समितीची सभा भरली तेव्हा मी तिला दूध पाजत शेवटच्या खुर्चीवर बसले होते, आणि क्लबचे अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "केराल्त आता आई आहे." असं म्हणाले, जणू माझा एक पाय कापावा लागलाय.

क्लबचे अध्यक्ष एर्मेंगोल हे माझे सासरे आहेत. आम्ही एकाच घरात राहतो. ते वर, आम्ही मध्ये, सायकली खाली.

बरीच खाकरणी झाली आणि समितीने मोठ्या मनाने निर्णय दिला. रविवारी केराल्तने 'बैल' पार करावा. पार झाला तर जागा तिची. नाही झाला तर ती जागा झिरोनेया गावाहून क्लबात आलेल्या त्या नव्या मुलीला. बैल म्हणजे नदीकाठचा तो पाठ वाकवून बसलेला खडक. त्याच्या मानेवर मागचं चाक जेमतेम मावतं, आणि तिथे थांबल्याशिवाय पुढे उतरताच येत नाही. थांबायला ब्रेक लागतो. पाय टेकला तर दंडाचा एक गुण चढतो, तो चालतो. पडलं की झोन, म्हणजे तो अख्खा टप्पा, बाद.

म्हणजे हे सगळं अखेर हाताच्या पंजाएवढ्या एका पोलादी चकतीवर आणि तिला दोन्हीकडून चावणाऱ्या नखाएवढ्या दोन पॅडवर येऊन थांबलं.

पहिल्यांदा घसरला त्याचं मला आश्चर्य वाटलं नव्हतं. सायकल वर्षभर पडून होती. पॅडवर काचेसारखी चकाकी आली होती. मी ते काढले, पॉलिश पेपरवर आठाच्या आकारात घासले, चकती स्पिरिटने पुसली, आणि स्मशानाच्या उतारावर ब्रेक दाबून धरत खाली आले. उताराच्या अर्ध्यात तो किंचाळायला लागला. वरच्या खिडकीतून एर्मेंगोलनी डोकं बाहेर काढलं, बघितलं, आत घेतलं. बोलले नाहीत. बोलायचं म्हणजे कौतुक करावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेक मुका. लाकडी ओंडक्यावरून मी अशी मागे आले की कोपर सोलून निघालं.

मला वाटलं हवा असेल. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला की लिव्हर स्पंजासारखं दबतं. ब्रुनाच्या दुपारच्या झोपेत मी वरून तेल भरलं, खालून काढलं, नळीला बोटाने टिचक्या मारत एकेक बुडबुडा वर आणला. लिव्हर दगडासारखं कडक झालं. चाक मात्र तरीही सरकत होतं. म्हणजे जोर पोचत होता, पकडच मिळत नव्हती.

मग मला वाटलं तेल गळत असेल. पिस्टनच्या रबरातून थेंब थेंब येऊन पॅडवर पसरलं की असंच होतं. मी पॅड धरणाऱ्या कॅलिपरखाली पांढरा टिश्यू पेपर बांधला आणि दिवसभर ठेवला. संध्याकाळी सोडून बघितला तर ब्रुनाच्या नव्या दातासारखा पांढरा.

मग मी जपून ठेवलेले नवे पॅड काढले. शेवटचे. चकती दोन्ही बाजूंनी घासून पुसली, नवे पॅड बसवले, पुन्हा स्मशानाचा उतार. किंचाळला! असा की फादर दारात आले. ब्रुना टाळ्या वाजवायला नुकतीच शिकली होती, तिने पाठीवरच्या झोळीतून वाजवल्या. मी तिथेच रस्त्यात बसून तिला घट्ट धरलं, आणि म्हटलं, बघ माझे सोने, तुझी आई अजून जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी मुका.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा? माझा नवरा एउदाल दुधाचा टँकर चालवतो. तो घरी आला, सायकलभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाला, "शांत हो. ब्रेकला कळतं तू चिडलीस की." नंतर तो झोपायला गेला. मी त्याच्यावर प्रेम करते. फक्त त्या वेळी नव्हते करत.

एर्मेंगोल जेवताना म्हणाले, "चकती!" आणि पावावर टोमॅटो असा घासला, जणू त्याने त्यांचं काही वाईट केलं असावं. "पिझ्झा कापायचं चाक लावतात सायकलला, आणि मग रडतात. आमच्या वेळी ब्रेक रिमवर असायचा. रिमला राळ लावायची, बस. बैलाच्या मानेवर मी उभा राहून सिगारेट पेटवलीय."

"तुम्ही सिगारेट ओढत नाही."

"तेव्हा ओढायचो."

ही राळ म्हणजे एर्मेंगोलचं दैवत. पाइनच्या झाडातून काढून कढवलेली, काळपट, चिकट, पत्र्याच्या डब्यात. त्यांचे आजोबा मेंढ्यांच्या पाठीवर शिक्का मारायला ती वापरायचे. एर्मेंगोलनी पोरवयात तीच सायकलच्या रिमला लावली आणि रबरी ब्रेक असा चिकटला की त्यांनी त्यावर पेले जिंकले. ते पेले वरच्या खोलीत आहेत. कोणी पुसायला गेलं तर ओरडतात, कारण ते स्वतः पुसतात. त्या पिढीच्या सगळ्यांनी मग राळ लावली. सबंध खोऱ्यात रिमा काळ्या होत्या आणि पोरांची बोटं एकमेकांना चिकटत होती. त्यानंतर जगात काहीही नवीन झालेलं नाही, असं एर्मेंगोलचं मत आहे. चकती, मोबाईल, मी.

शनिवार उजाडला. उत्सवाचा पहिला दिवस. चौकात मोठाले कागदी राक्षस नाचवून झाले, लोक जेवून पडले, गावावर दुपारची झापड आली. ब्रुना झोपली. तिची पातळ चादर सकाळी मी कारखान्यातच विसरले होते, ती आणायला खाली गेले. अनवाणी गेले, जिना वाजू नये म्हणून.

दार अर्धवट उघडं होतं. आत एर्मेंगोल माझ्या सायकलसमोर गुडघ्यावर बसले होते. इस्त्रीचा उत्सवातला शर्ट, बाह्या दुमडलेल्या. शेजारी तो पत्र्याचा डबा. एका हाताने ते मागचं चाक हळूहळू फिरवत होते, आणि दुसऱ्या हातातल्या चिंधीने चकतीवर राळ चोळत होते. इतक्या मायेने की बाळाच्या अंगाला तेल लावताना मीही इतकी मन लावून लावत नसेन. मग दुसऱ्या, स्वच्छ चिंधीने जास्तीची पुसून काढली. चकती चकचकीत. कोणाला पत्ता लागायचा नाही.

माझ्या डोक्यात जे आलं ते ब्रुना मोठी झाल्यावर मी तिला सांगणार नाही.

"काय करताय?"

ते दचकलेही नाहीत. उलट वैतागले, प्रार्थना करताना कोणी खोकल्यासारखे. "दार लाव. धूळ येते."

"मी विचारलं काय करताय."

"दिसत नाही? राळ लावतोय."

"माझ्या चकतीला?"

"घसरतोय ना तुझा ब्रेक? मग कोणाच्या चकतीला लावू, किर्झेच्या?"

"कधीपासून लावताय?"

"घसरायला लागला तेव्हापासून." ते डब्याचं झाकण लावत शांतपणे म्हणाले. "पहिल्या दिवशी थोडी लावली. दुसऱ्या दिवशी तू कोपर फोडून आलीस. म्हटलं, कमी पडली. जास्त लावली. मग तू नवे पॅड घातलेस, त्यांना तर चांगला हात दिला. तरी घसरतो. बघ, चकती किती फालतू वस्तू आहे. राळेलाही दाद देत नाही."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. म्हणजे आठवडाभर मी जे घासून, पुसून, तेल भरून, टिश्यू बांधून शोधत होते ते भूत माझ्याच घरात वरच्या मजल्यावर चण्याची उसळ खात होतं.

"तुम्हीच सभेत बोललात ना? आई आहे, आई आहे करत?"

"आहेसच आई."

"मला बाहेर काढायचं होतं तर सरळ काढायचं. हे असं चोरून..."

आता मात्र ते उभे राहिले. गुडघे वाजले. "चोरून? काढायचं असतं तर नळी कापली असती. एक कात्री पुरते." त्यांचा आवाज चढला आणि मग वरच्या झोपलेल्या पोरीची आठवण होऊन एकदम खाली आला. कुजबुजत भांडायला लागले. "बैलाच्या मानेवरून कुठे पडतात माहीत आहे तुला? मला माहीत आहे. माझ्या पाठीत अजून आहे तो बैल. मी सभेत बोललो कारण तू जाऊ नयेस. तू ऐकलंस? नाही. तू माझ्या मुलासारखी नाहीस, तू ऐकणार नाहीस. मग निदान ब्रेक तरी धरला पाहिजे की नाही?"

खरं तर माझा राग तिथे विरघळायला हवा होता. चांगल्या सुनेचा विरघळला असता. माझा फक्त जागा बदलून बसला.

"एर्मेंगोल, रिम मोठी असते. वाऱ्यावर फिरते, थंड राहते. ही चकती एवढीशी आहे, दाबली की तापते. उतारावर बोट लावून बघा, फोड येईल. राळ तापली की काय होते?"

"पातळ होते."

"पातळ झाली की?"

त्यांनी डब्याकडे बघितलं.

"की तेल होते," मी म्हटलं. "आणि पॅड ते पितात. स्पंजासारखे. वरून कितीही घासा, आतून ते ओलेच. तुम्ही माझ्या चकतीला पकड नव्हता देत, वंगण देत होता. रोज. मायेने."

"रिमवर चालायची," ते म्हणाले. अगदी हळू.

"रिमवर."

ते चिंधीची घडी घालत राहिले. त्या चिंधीला घडीची काही गरज नव्हती. "मग नवे घाल पॅड."

"नवे होते ते तुम्हीच मारलेत. दुकान मानरेझाला, आणि ते बंद आहे मंगळवारपर्यंत."

"कोणाकडे तरी असतील."

"आहेत. किर्झेच्या मुलाची सायकल बारमध्ये भिंतीवर टांगलीय. त्याने ती घेतली आणि अंदोराला कामाला गेला, एकदाही चालवली नाही. ब्रेक सेम आहेत."

"मग जा, माग. किर्झे तुला नाही म्हणायचा नाही. मी पोरीकडे बघतो."

"पोरीकडे मी बघते. तुम्ही जा. आणि कशाला हवेत ते सांगून मागा."

त्यांचं तोंड असं झालं, जणू मी त्यांना राळ प्यायला सांगितली. अध्यक्ष. पेलेवाले. सबंध खोऱ्याच्या रिमा काळ्या करणारे एर्मेंगोल, बारमध्ये जाऊन क्लिमेंतसमोर सांगणार की मी चकतीला राळ लावली. "तू फार दुष्ट आहेस, पोरी," ते म्हणाले.

"हो. बाह्या सोडा, उत्सवाचा शर्ट आहे."

ते निघाले तशी मी वर जाऊन ब्रुनाला उचललं. ती तशीही उठलीच होती, एका गालावर उशीची घडी उमटलेली. तिला कडेवर घेतलं आणि त्यांच्या मागोमाग चौकात गेले. हे चुकवायला मी काही संत नाही. दाराशी उभी राहिले, आत नाही गेले.

एर्मेंगोल काउंटरपाशी गेले. काही मागवलं नाही, तेव्हाच सगळे गप्प झाले.

"किर्झे, ती सायकल उतरव. मागचे पॅड हवेत."

"केराल्तला? तिने नवे घातले होते ना? फादर सांगत होते, आवाजाने मेणबत्ती विझली म्हणून."

इथे ते खोटं बोलू शकले असते. झिजले, हरवले, काहीही. सगळ्यांनी मानलं असतं. एर्मेंगोलनी दाराकडे बघितलं. मी ब्रुनाचा हात धरून त्यांना टाटा केला.

"मी त्यांना राळ लावली," ते म्हणाले.

"कशाला राळ लावली?"

"चकतीला."

कोपऱ्यातून कोणाच्या तरी नाकातून व्हर्मुट बाहेर आली, आणि बार फुटला. क्लिमेंत टेबलावर डोकं आपटत हसत होता. किर्झे फडक्याने डोळे पुसत होता. "चकतीला! अरे, मग साखळीला लोणी लावलंस की नाही?" एर्मेंगोल मध्ये उभे होते, सरळ, हात खाली, गावच्या मिरवणुकीत कागदी राक्षस उभा करतात तसे. कान लाल झाले होते. मला वाटलं होतं मजा येईल. आली, नाही असं नाही. पण क्लिमेंत तिसऱ्यांदा टेबल बडवायला लागला तेव्हा मला त्याच्या डोक्यावर काहीतरी आपटावंसं वाटलं. माझ्या सासऱ्याला हसायचा हक्क माझा होता, त्याचा नव्हता.

मी आत जायला पाऊल उचललं, तेवढ्यात क्लिमेंत एकदम थांबला. श्वास घेतला. आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "पण कुठली राळ? काळी की पिवळी?"

"काळी," एर्मेंगोल म्हणाले.

"तिथेच चुकलास. काळीत चरबी असते. पिवळी लावायला हवी होती, भुकटी करून."

"पिवळी जळते," किर्झे म्हणाला.

"काळी जळते!"

"चकती आधी गरम करून मग लावली असती तर..."

पाच मिनिटांत बारचे दोन पक्ष झाले. एर्मेंगोल खुर्ची ओढून काळ्या पक्षात बसले. मी दारात पोरीला घेऊन उभी, आणि यांना वाटत होतं की प्रश्न राळेच्या रंगाचा आहे. यांची टिंगल करावी, पण करायची कुठून सुरुवात? शेवटी मी स्वतःच आत गेले, स्टूल ठेवलं, ब्रुनाला किर्झेच्या बायकोकडे दिलं, सायकल भिंतीवरून उतरवली आणि पॅड काढून घेतले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कारखान्यात मी चकती सोडवली, स्पिरिटने धुतली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा धुतली, प्रत्येक वेळी नव्या कपड्याने. कॅलिपरच्या आतपर्यंत पुसलं. हात धुऊन मग पॅडला हात लावला. एर्मेंगोल परत आले तोवर मी चाक बसवत होते. ते उंबऱ्यातच थांबले.

"हात लावू का?"

"नाही."

"बरं." थोड्या वेळाने, "उतारावर पाणी लागेल. मातीचं पाणी. नव्या पॅडला त्याशिवाय धार येत नाही." हे मात्र खरं होतं. राळेच्या जमान्यातलं नव्हतं, आम्हा सगळ्यांचं आहे. चिखलाचं पाणी पॅडचा वरचा थर घासून काढतं.

"झारी घ्या," मी म्हटलं.

स्मशानाच्या उतारावर मग जी मिरवणूक निघाली ती उत्सवाच्या पत्रिकेत नव्हती. मी पेडलवर उभी, मागचा ब्रेक दाबून धरलेला, इंचाइंचाने खाली. शेजारी अध्यक्ष, इस्त्रीचा शर्ट, हातात बागेची झारी, चकतीवर गढूळ पाण्याची धार धरत उलटे चालतायत. आधी ब्रेक कण्हला. मग गुरगुरला. वळणावर फाटकाशी येताच असा किंचाळला की सायप्रसवरचे पक्षी उडाले.

"डुक्कर," एर्मेंगोल समाधानाने म्हणाले. त्यांच्या बुटात चिखल गेला होता.

त्या रात्री मी सायकल वर नेली आणि आमच्या पलंगाशेजारी ठेवली. एउदालने काही विचारलं नाही. शहाणा झालाय.

रविवारी बैलापाशी सगळं गाव होतं. बैलाच्या झोनचा पंच कायम क्लबचा अध्यक्ष असतो, हा इथला रिवाज आहे, आणि तो बदलायचं कोणाच्या मनात येत नाही. एर्मेंगोल खडकाखाली हात मागे बांधून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. मागच्या चाकाकडे बघत होते.

पहिल्या दोन उड्या सोप्या. तिसरीला मी बैलाच्या पाठीवर, मग एक श्वास, आणि मानेवर. चाक दगडावर आपटलं, मी लिव्हर दाबलं, ब्रेक एकदा किंचाळला आणि गप्प झाला. या वेळचं गप्प होणं वेगळं होतं. चाक गेलं होतं. माझ्या खाली चाक नव्हतं, खुंटा होता. पुढचं चाक हवेत, खाली नदीचे गोटे, आणि मी तिथे उभी. लोकांत क्लिमेंत ओरडला, "वजन पुढे!" त्याचं ऐकलं असतं तर मी गोट्यांवर गेले असते. मी वजन जिथे होतं तिथे ठेवलं. उतरायची जागा बघितली. दिसली. पण वारा आला की काय माहीत नाही, अंग डावीकडे झुकलं, आणि सावरताना उजवा बूट खडकाला लागला. लागला म्हणजे काय, मुंगी मेली नसती. चाक मात्र तसूभर हललं नाही. मी उडी मारली, उतरले, झोनच्या बाहेर आले.

शिट्ट्या, टाळ्या. कोणालाच दिसलं नव्हतं. सगळे एर्मेंगोलकडे बघत होते, मूठ वर येण्याची वाट बघत. मूठ म्हणजे शून्य.

एर्मेंगोलनी एक बोट वर केलं.

लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. क्लिमेंतने त्यांच्या आईचा उद्धार केला, तिची आणि त्याच्या आईची मैत्री होती तरी. ते बोट तसंच वर ठेवून उभे. एकाने काही बिघडत नव्हतं, बैल पार झाला होता, जागा माझी होती. झिरोनेयाची मुलगी माझ्याकडे येऊन माझ्या ब्रेकच्या आवाजाबद्दल विचारायलाही लागली. पण मला त्या क्षणी जागेचं काही सुचेना.

"टेकला नाही," मी एर्मेंगोलसमोर जाऊन म्हटलं.

"टेकला. उजवा."

"कोणीच बघितला नाही."

"मी बघितला."

घरी येईपर्यंत हेच. जेवायला बसलो तरी हेच. भाताचं मोठं पातेलं मध्ये, एउदाल कोळंबी सोलतोय, ब्रुना एर्मेंगोलच्या मांडीवर बसून त्यांच्या बोटांतला पाव ओढतेय.

"साफ गेले होते मी. सुनेला मूठ दाखवायला जड जातं तुम्हाला."

"मूठ साफ गेलेल्याला. तू टेकलीस."

"ब्रेक सरकला नाही तर मी कशाला टेकीन?"

"ब्रेक नाहीच सरकला," ते म्हणाले, आणि पावाचा तुकडा ब्रुनाच्या तोंडात घातला. "तू सरकलीस. पुढच्या महिन्यात अजिंक्यपदाला सरकू नकोस. तिथे पंच मी नसेन, आणि नीट न बघणाऱ्याने एकाचे दोन लावले तर मी काय करणार?"

मी कोळंबीच्या बाजूचा भात माझ्याकडे येईल असं पातेलं फिरवलं, आणि त्यांच्यापासून चांगलं हातभर लांब सरकवलं.